तार तुटली वाटतं

नव्या पेठेत, चपलांच्या दोन दुकानांमध्ये दबलेलं
चन्नवीरचं दुकान. काचेत तीन हेडफोन.
एकाकडे मी बघितलंच नाही, किंमत दिसत होती.
उरले दोन.

पहिला साफ.
त्यात सिंथचा धागा न् धागा सुटा मोजता येतो,
हाय-हॅट म्हणजे ताटात सांडलेली मोहरी,
आणि डावीकडे, बरंच लांब,
गाण्याआधी बाई श्वास घेते तेही कळतं.

दुसरा म्हणजे नुसता तळ.
त्यात तीच बाई गोधडीआडून बोलते,
पण किक पडली की जबड्याचं हाड हलतं
आणि काउंटरपलीकडचा चन्नवीर
नुसतेच ओठ हलवत राहतो.
काढल्यावर कळलं, तो म्हणत होता:
'हा पोरं नेतात. डोकं दुखतंय म्हणून परत आणतात.'

चार हजार दोनशे माझ्याकडे.
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या पॅकिंगमधल्या
अकरा नाइटचे.
त्याच नाइटमध्ये रेणुका गाजूलनं एक इअरफोन माझ्या कानात खुपसलेला,
'हे ऐक, झोप येत नाही.'
शब्द नसलेलं असलं काही मला आवडेल
असं तोवर वाटलं नव्हतं.

नायना बाहेर स्कूटरवर बसलेले. ऊन तापलं म्हणून आत आले.
एकतीस वर्षं अशोक चौकातल्या शेडमध्ये,
एका छपराखाली चोवीस माग.
सात रस्त्याच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवलेली,
डावीकडे सपाट, मग एकदम उतार.
'वरचे आवाज गेलेत. खालचे अजून आहेत.'
वरचे म्हणजे कुकरची शिट्टी
(किती झाल्या ते अम्मा बोटं दाखवून सांगते),
चिमण्या, दारावरची बेल, बोलण्यातले स आणि श.
खालचे म्हणजे ट्रक.
गड्ड्याच्या दारूकामातला मोठा बार.
एवढंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी गंमत म्हणून दुसरा त्यांच्या डोक्यावर ठेवला.

ते हसले नाहीत.
डोळे बारीक केले, तळहात काचेवर टेकवला,
मागाच्या लाकडावर ठेवायचे तसा,
आणि भर दुकानात, तेलुगूत, मोठ्यानं
(हळू बोलणं त्यांना आता जमत नाही):
'मिनिटाला एकशे तीसच्या आसपास.'
एकशे अठ्ठावीस, मी बोटांनी सांगितलं.
'आमचा सहा नंबर एवढाच पळायचा.
कुणाची शेड आहे ही?'

मग गाण्यात ती जागा आली.
किक थांबते. वर नुसतं बारीक काही चढत जातं,
चढत जातं, अंगावर काटा येईपर्यंत.
मला पाठ आहे ते.
त्यांच्याकडे त्यातलं काहीच पोचलं नसणार.
त्यांचा उजवा हात उठला,
दांडा नव्हता तिथे दांडा पकडायला गेला.
'तार तुटली वाटतं.'

चन्नवीर माझ्याकडे बघत होता, मी स्क्रीनवरच्या सेकंदांकडे.
पंधरा. अकरा. सहा.
किक परत पडली.
नायनांची मान एकदा हलली.
'जोडली. लवकर जोडली रे. हात चांगलाय त्याचा.'

मी दुसरा घेतला.
पहिला चांगला होता, अजून आठवतो,
तो लांबून घेतलेला श्वास विशेष.

बिल होईपर्यंत नायनांनी माझ्या फोनवरचा आवाज
अंगठ्यानं निम्म्यावर आणून ठेवला.
मी वर केला. त्यांनी परत खाली केला.
'आम्हाला साधा कापूस दिला नाही कुणी,' म्हणाले
आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

एप्रिल आहे. रेक्झिनच्या गाद्या दहा मिनिटांत कानाला चिकटतात.
रिजेक्ट टॉवेलच्या पट्टीतून दोन खोळी शिवल्या आहेत,
एक गुलाबी, एक पोपटी, कारण पट्टी तेवढीच निघाली.
रात्री आठला मी कामावर जाते.
परवा सकाळी आले तर हेडफोन खुंटीवर नव्हता,
आणि फोन तर माझ्याजवळ होता.
नायना ओट्यावर बसलेले, तो कानावर घालून,
वायर लुंगीत लोंबत, कशालाच न लावलेली.
विचारलं तर म्हणाले,
'बंद शेड अशीच वाटायची. रविवारी.'