न काढलेली स्क्रीन

क्लाइपेदात जानेवारीत चार वाजताच दिवस मिटतो.
तिसऱ्या मजल्यावर स्काइस्ते स्क्रीन बेतते,
पाचव्यावर वायदोतस ती शिवतो,
मधे चौथ्यावर मी,
जिला पगार मिळतो उसवण्याचा.
टेस्टर म्हणतात मला.
लिफ्ट नोव्हेंबरपासून बंद आहे.

ती दोन आठवडे पुढचं काढत असते,
तो दोन आठवडे मागचं फेडत असतो.
दोघांची गाठ पडते फक्त फाइलीत:
तिने कडेला लिहिलेलं, ‘इथे जरा श्वास हवा’,
खाली त्याचा प्रश्न, ‘किती पिक्सेल?’
तिचं उत्तर पोचेतो
त्याची शिवण मारून झालेली असते,
मग ती स्वतः निघते वर,
आणि वरातीमागच्या त्या घोड्याच्या टापा
जिन्यात पहिल्यांदा मला ऐकू येतात.

‘हा हिरवा माझा नाही.’
‘हिरवा हिरवाच असतो.’
दार आपटतं.
मी नोंद करते: दोष क्रमांक तीनशे बारा, हिरवा.

फेब्रुवारीत एक फोटो आला,
खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्टीवरून,
युओदक्रान्तेच्या पाइनच्या रानातून.
गेनोवाइते, घरोघरी जाणारी परिचारिका.
फोटोत तिचं डावं मनगट.
त्यावर निळ्या बॉलपेनने
एकशे साठ, पंच्याण्णव,
पुढे कुणाचं तरी अर्धं नाव,
बाकीचं साबणाने नेलेलं.
खाली दोन ओळी:
‘तुमचं ॲप इथे पांढरं होतं.
स्तेफानियाबाईंचा आकडा हात धुताना गेला,
दोन किलोमीटर बर्फातून परत चालत गेले.’

मी फोटो छापला.
दोघांना चौथ्या मजल्यावर बोलावलं.
खुर्ची एकच होती, कुणीच बसलं नाही.

‘ही स्क्रीन चित्रांत नव्हती,’ वायदोतस म्हणाला.
खरं होतं. एकूण एकेचाळीस चित्रं,
प्रत्येकात रुग्णांची नावं भरलेली,
प्रत्येकात जणू ऊन पडलेलं.
‘रानात नेटवर्क जातं
हे मला कुणी सांगितलं?’ स्काइस्ते म्हणाली.
तेही खरं.
त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही,
कारण चित्र आलं की चित्राबरहुकूम.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी तपासलं होतं सगळं, अगदी नेटाने,
या टेबलाशी,
हीटरला पाठ लावून,
ऑफिसच्या वायफायवर.

बराच वेळ नुसता हीटर बोलत राहिला.

स्काइस्तेने फोटो उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने चौकोन काढला.
‘आकडा फोनमध्येच राहू शकतो?’
‘राहू शकतो.’
‘किती वेळ?’
‘माहीत नाही. थांब, बघतो.’
तो माझ्या खुर्चीत बसला,
माझ्याच कीबोर्डवर काहीतरी खरडलं,
ती त्याच्या खांद्यावरून वाचत राहिली,
आणि तो लिहीत असतानाच
तिने आपलं गोल गोल फिरणारं चक्र खोडून टाकलं.
‘वाट बघायला नको लावूया तिला.
नुसतं सांगूया: लिहून ठेवलं आहे.’
‘बटण मोठं कर,’ तो म्हणाला, ‘हातमोजे असतील.’
हे वाक्य त्याचं होतं.
मी दोनदा आठवून पाहिलं, त्याचंच.

बुधवारी तिघं फेरीने पलीकडे गेलो.
गेनोवाइतेने कॉफी दिली नाही, वेळ नव्हता;
मागच्या सीटवर बसा म्हणाली, आणि गाडी हाकली.
सहाव्या घरी तिने अंगठ्याने बटण दाबलं,
अक्षरं वाचली,
मान हलवली.
पेन मात्र खिशातच आहे अजून.
असू दे.

हिरव्याचं भांडण मिटलेलं नाही.
चित्रं अजूनही उशिरा येतात, कधी अर्धीच येतात,
पण अर्धी आली की दोघंही चौथ्यावर येतात
आणि माझी खुर्ची जाते.
तेवढ्या वेळात मी फोन घेऊन
जिन्याखालच्या तळघरात उतरते,
जिथे नेटवर्कची एक कांडी येत नाही,
बर्फाचे ओले बूट सुकत असतात,
हातमोजा चढवते,
आणि पहिलं बटण दाबते.