मार्चला किती

मुश्ताक म्हणाला, दोन दे. एक म्हणजे वर्ष फुकट.
त्याचं काय, खोलीत तो आणि त्याची इस्त्री.

इथे रुवीत, टाइल्सच्या गोदामावरच्या ऑफिसात
ऑडिटवाले जानेवारीत येतात
आणि फेब्रुवारी सरली तरी त्यांचा चहा सरत नाही.
रमजानात सहा तासांचं काम, तेही म्हणायला.
उरलेले तास मी आधीच धरलेत
येणे बाजूला,
बुडीत गिऱ्हाइकाच्या बिलासारखे.

टॅक्स एकटा, की सोबत ऑडिटही?
फी रुपयांत करून बघायची नाही असं ठरवलं होतं.
केली.

शर्वाणी रात्रपाळीहून सातला येते,
मी सव्वासातला निघतो.
त्या पंधरा मिनिटांत विचारलं.
बूट काढता काढता म्हणाली,
एकच दे. नापास झालास तर एकदाच होशील.
हसली, आणि तशीच सोफ्यावर झोपली,
एक बूट पायातच.

आज शेवटची तारीख.
फोनवर दोन्ही चौकटींत खूण केली,
मग ऑडिटची काढली.
वाचलेली फी तरतूद म्हणून धरली,
कशाची, ते नंतर बघू.

दुसरा बूट मी काढला.
नाडीला गाठ बसली होती.
सात पंचवीस.