काउंटरवरून

बेचाळीस जण, नाशिकची बस.
कमळबस्ती सकाळीच करा, म्हणतो मी,
फरशी तापायच्या आत. अनवाणी जायचं असतं.
कुंदा आज नको. परवा, निघताना घ्या.
मांडे हवे तर आत्ताच सांगा,
शहापूरच्या पार्वतक्का
आयत्या वेळी खापर चढवत नाहीत.
आणि राजहंसगडावर टोप्या धरा,
मागच्या ग्रुपच्या तीन गेल्या.

मागून एक काका:
'ते सगळं ठीक. सीमा कुठं बघायला मिळते?'

नकाशावर बोट थांबतं माझं.
भरमा ड्रायव्हर किल्ली फिरवत
छताकडं बघायला लागतो.

'तिकडं बस वळायला जागा नाही की हो,' म्हणतो,
आणि मुदपाकखान्याकडं तोंड करून ओरडतो:
'नलवत्तेरडु चहा!
त्यातले सहा बिनसाखरेचे.'