कडा

अँटॉप हिलचं गॅरेज, शुक्रवार, शटर निम्मं ओढलेलं.
निषाद आला : "काका, रविवारी माळशेज. फक्त ऑइल बदला."

मी मागचं चाक फिरवलं.
मधोमध पाटासारखं सपाट,
आणि दोन्ही कडांवर
कारखान्यातून आलेले रबराचे केस
जावळासारखे, तसेच.
दोन वर्षं, चौदा हजार किलोमीटर,
नि गाडी एकदाही नीट कलली नाही.
हायवे सरळ, सिग्नल सरळ,
मुंबईत कुठे लागतात रे कडा?

घाटात लागतात.
तिथे वळणापलीकडून दुधाचा टेम्पो येतो,
त्याच्या बाजूनं, त्याच्या हक्कानं,
आणि अर्धा रस्ता आपला नसतो.

चावी मी खिशात टाकली.
तो चिडला. मित्र काय म्हणतील, म्हणाला.
मित्र काही म्हणत नाहीत,
स्टेटसला फोटो लावतात, हार घातलेला.
हे मी बोललो नाही.
बोललो ते एवढंच :
"नवा टायर पहिले शंभर किलोमीटर निसरडा.
उद्या वडाळ्यात फिरव, ट्रक टर्मिनलच्या मागे.
आणि परवा मागे कुणाला बसवू नकोस."

रविवारी रात्री साडेनऊला आला.
हेल्मेटच्या काचेवर चिलटं, बुटांना लाल माती.
काही न बोलता गाडी स्टँडवर लावली,
मोबाइलचा उजेड चाकावर धरला.

केस झिजले होते,
फक्त कडेची बोटभर पट्टी सोडून.

ती बोटभर जागा त्यानं कुणासाठी राखली,
मी विचारलं नाही.
दोन कटिंग सांगितले.