चादरीची चार टोकं

नान्नजच्या माळावर, शिबिराच्या तिसऱ्या रात्री
माझा पाय घोरपडीच्या बिळात गेला.
टॉर्च विझलेली. तंबू दोन मैल.

शांतवननं पाठीवरची चादर सोडली,
मयूरपंखी, चाटी गल्लीतली.
एक टोक त्यानं धरलं, एक सुवार्तानं, एक हनोखनं,
चौथं पाळकबाईंनी,
तुटकी चप्पल काखेत मारून.

स्तोत्र कुणी म्हटलं नाही.
हनोख तेवढा कुसळं उपटत म्हणत राहिला,
"लई जड हाय रे ह्यो."

प्रार्थनेत डोळे न मिटणारा मी
वर बघत होतो.
छप्पर उसकटून खाली सोडलेल्या त्या पक्षघाती माणसाला
कुणी विचारलंच नव्हतं, तुझा विश्वास आहे का.
त्यांचा पाहिला, म्हणे.

इथं तर छप्परही नव्हतं.
लांब कुठं लांडगा ओरडला,
आणि चारही टोकं
एकदम घट्ट झाली.