सहावा ठिपका

तळ्याभोवतीचे पिवळे ठिपके अजून आहेत.
नऊशे साठ मीटरचा फेरा,
दर शंभरावर एक ठिपका, रुपयाएवढा,
आणि शेवटचा तुकडा साठाचा, त्यावर तू कायम वैतागायचास:
तळं खणणाऱ्याला आणखी चाळीस मीटर जड झाले होते का?

करावे गावातले म्हातारे आता त्यांच्या हिशेबानं चालतात,
"आज सातव्यापर्यंत गेलो" असं एकमेकांना सांगतात.
कुणी रंगवले? महापालिकेनं, म्हणतात.
तसं ते खोटं नाही.
तू महापालिकेचाच होतास, भरतीच्या दारांवरचा इंजिनियर.
रंग तेवढा शर्विलच्या पाळण्याचा उरलेला.

भरती आली की खाडीचं पाणी स्वतःच दार लोटून घेतं,
ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं,
ना वीज लागते, ना माणूस.
हे तू मला पहिल्याच भेटीत सांगितलंस,
साखरेच्या भांड्याचं झाकण उघडमिट करत.
घरी येऊन मी आईला म्हटलं,
मुलगा बरा आहे, पण गटारांवर फार बोलतो.

खारघरच्या हॉस्पिटलात पहिल्या रात्री
मशीन सारखं वाजत राहिलं. नाडी बेचाळीस.
सिस्टर धावत आली.
तू म्हणालास, मशीन ठीक आहे सिस्टर, मी आठशे मीटर धावतो.
धावतो, म्हणालास.

सर्जनला विचारलंस, गाठीच्या कडेचं किती काढणार?
पाच सेंटिमीटर.
फॅक्टर ऑफ सेफ्टी कमी वाटतो, तू म्हणालास, आणि तो हसला.
रिपोर्ट आला तेव्हा
तुम्ही दोघंही एकाच कागदाकडे बघत होतात, इंजिनियरांसारखे,
आणि मी खिडकीबाहेर
पार्किंगमधल्या गाड्या मोजत होते.

तिसऱ्या आणि चौथ्या केमोच्या मधल्या आठवड्यात
तू रात्री उठून बसलास.
"सहावा चुकलाय.
सहाव्याला माझा टाइम नेहमी चांगला यायचा,
मला वाटायचं मीच तिथे वेग घेतो."

मी भांडले. ऊन होतं, तुझे तळपाय सोलले होते.
तू टेप घेतलास, आणि सहा वर्षांच्या शर्विलला.
"शून्य तुझ्याकडे. घट्ट धर.
शून्य हललं की पुढचं सगळं चुकतं."
तो पाचव्या ठिपक्यावर उकिडवा बसला,
दोन्ही अंगठ्यांनी टेपचं टोक दाबून,
आणि तू रीळ सोडत मागे मागे गेलास.
तीस मीटरांवर थांबून, कठड्याला टेकून,
श्वास जमला की हाक मारायचास: ये.
तो सुसाट यायचा,
तुझ्या बुटाच्या टोकाशी शून्य टेकवायचा.
असं तीन वेळा, मग वरचे दहा.
शंभर मीटरांना पाऊण तास.
त्याच पायांनी कधीकाळी, अलिबागच्या मैदानावर,
मी धड टाळ्याही वाजवायच्या आत.

चार मीटर कमी निघाले.
तू नवा ठिपका दिलास, हात थरथरला म्हणून जरा लांबट.
जुना उद्या खरवडू, म्हणालास.

शेवटच्या पहाटे डॉक्टर हळूच म्हणाले,
हार्ट फार दणकट आहे, वेळ लागेल.
अकरा वर्षं मी त्या हृदयाचं
येईल त्या पाहुण्याला कौतुक सांगितलं होतं.
त्या पहाटे छातीवर हात ठेवून
मीच त्याला म्हटलं, पुरे. थांब आता.
तरी ते दुपारपर्यंत ऐकेना.

शर्विल अकराचा झालाय.
धावणं त्याला आवडत नाही, कॅसिओ वाजवतो,
आणि चुकलं की अगदी तुझ्यासारखा
पहिल्यापासून सुरू करतो, शेजारी वैतागतात.

काल तळ्यावर दोन आजोबा वाद घालत होते:
इथे सहाव्याला दोन ठिपके कसे,
आणि खरा कुठला.
शर्विल कुल्फी खात होता. म्हणाला,
पुढचा.
तुला काय ठाऊक रे?
त्यानं काडी चाटून संपवली.
मी शून्य धरलं होतं, म्हणाला.