अकरा ओळी

फॅरो बेटांवर, क्लाक्सविकला,
नोव्हेंबरात चारच्या आतच दिवे लागतात.
रान्वा मासळीच्या कारखान्यातून येते,
बूट दाराबाहेर, हात दोनदा धुऊन,
तरी वास जात नाही,
आणि लॅपटॉप उघडते.
दोनशे चौदा.
काल दोनशे अकरा होते.

भरती-ओहोटीच्या वेळा काढणारं छोटंसं सॉफ्टवेअर.
बापाच्या होडीसाठी लिहिलं होतं,
पाय मोडून घरी बसली होती तेव्हा.
आता ते कुठल्या कुठल्या बंदरांत चालतं,
आणि कुठून कुठून माणसं दुरुस्त्या पाठवतात,
न मागता, न पैसे घेता,
‘वेळ मिळाला की बघा’ असं लिहून.

वेळ मिळाला की.
घेणेकऱ्याला तोंड चुकवता येतं.
देणाऱ्याला कसं चुकवायचं?

कुणी एक स्वल्पविराम हलवलाय.
कुणी सगळंच नव्यानं लिहिलंय, नऊ हजार ओळी,
आणि विचारलंय, ‘आज होईल का?’
कुणी जपानी भाषांतर दिलंय;
ते भाषांतर आहे की शिव्या
हे सांगणारं तिच्या ओळखीत कुणी नाही.
कुणी तिसऱ्यांदा लिहिलंय, ‘सहज आठवण करून देतोय.’
त्या ‘सहज’ला ती सगळ्यात जास्त भिते.

हेरी म्हणतो, बॉट लाव.
वर्षभर पडून राहिलं की आपोआप बंद.
सगळे लावतात. बॉटला भीड नसते.
तिनं बॉट तयार केला,
आणि चालू करण्याआधी, उगाच,
यादी उलटी फिरवली: सगळ्यात जुनं वर.

चार वर्षं, दोन महिने.
एलेउतेरिओ कार्कामो, आंकुद, चिली.
‘घड्याळं मागे घेतात त्या रात्री
तुमचं सॉफ्टवेअर एक तास दोनदा मोजतं.
माझा मेहुणा होडीसकट चिखलात बसला सकाळपर्यंत.
अकरा ओळी पाठवतोय.’

हीच चूक.
गेल्या ऑक्टोबरात तिनं स्वतः शोधली होती.
तीन रात्री. बासष्ट ओळी.
बापाला झोपेतून उठवून सांगितलं होतं, ‘सापडली!’
सापडली म्हणे.
उत्तर दारातच तर बसलं होतं
अंगावर कोट घालून.

आमच्याकडे याला भिजत घोंगडं म्हणतात.
लोकर तिच्या गावातही भिजते, रोजच भिजते,
पण तिथे ती पिळून वाळत घालतात.

‘आधीच दुरुस्त झालं आहे, आभार’
असं लिहून बंद करता आलं असतं.
खोटं नव्हतं ते.
लिहिलंही. पुसलं.

मग आपल्या बासष्ट ओळी काढायला बसली.
त्याच्या अकरा बसवताना
दोन जागी अडलं; चार वर्षांत
भोवतीच्या भिंती हलल्या होत्या.
व्हेरिएबलांची नावं स्पॅनिशमध्ये,
त्यातल्या एकाचं नाव नुसतंच ‘मेहुणा’.
ते तसंच ठेवलं.
एक चाचणी लाल झाली, मग साडेबाराला हिरवी.
आता त्या जागी कुणी बोट ठेवून विचारलं,
हे कुणाचं, तर आंकुदचं नाव येईल.

खाली तिनं लिहिलं,
‘उशीर झाला. चूक माझी. मेहुणा कसा आहे?’
दोनशे तेरा.
बॉट तसाच राहिला,
ना चालू, ना पुसलेला.

सकाळी दोनशे सोळा,
आणि एक उत्तर:
‘मी आता पाव भाजतो.
मेहुणा बरा आहे, चिखलाला अजून शिव्या देतो.
आपण कोण?’

यावर काय लिहावं
ते कारखान्याच्या फाटकापर्यंत
तिला सुचलं नाही.